अडुळशाचा वास आणि माझा डॉक्टर भाचा
बोलणी होळीस झाली, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पाडव्यानंतरच्या रविवारी, मुलाकडून नकार सोमवारी. जबाबदार इसम तीन: मुलाची आत्या, खुद्द मुलगा म्हणजे माझा डॉक्टर भाचा, आणि मध्यस्थ या नात्याने मी. अडुळशाचा काढा उकळू लागला की तो रविवार माझ्यासमोर उभा राहतो. हुडकेश्वरला माझ्या मित्राच्या घरी, कूलरच्या दमट वाऱ्यात, पोह्यांवर चण्यांची झणझणीत तर्री वाढली जात होती. मित्राची मुलगी सांगत होती की अडुळशाच्या पाल्यातून ती सुप्त क्षयरोगावरचे औषध शोधते. आत्याबाईंनी बशी दूर सारली. “काहून वं, टीबीचे जंतू हाताळते अन् त्याच हातानं पोहे देऊन राहिली?” मुलगी हसली. “आत्या, जंतू प्रयोगशाळेतच बंद राहतात जी. अन् निजलेली टीबी तर आपल्यात कोणालेही असू शकते. निजली तोवर पसरत नाही, पण जागी झाली तर जीव घेते. निजलेल्या जंतूंवर नेहमीची औषधं फारशी चालत नाहीत, म्हणून हा खटाटोप. विचारा ना, डॉक्टर बसलेच आहेत.” सर्वांनी भाच्याकडे पाहिले. छातीच्या रोगांचा हा तज्ज्ञ चमच्याने पोह्यांतले चणे बाजूला करीत राहिला. मित्राने बशा उचलल्या. त्याच्या नजरेला नजर देणे मला शक्य झाले नाही, आणि आजही होत नाही. सबब भाच्यास माझी मागणी आहे: मित्राच्या त्याच बैठकीच्या खोलीत, त्याच आत्यासमोर, सर्वांदेखत उत्तर दे, ती मुलगी खरे बोलत होती की खोटे?