दुसऱ्याच्या रानातली संस्था

माझी निवड होणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पुण्यात पुरातत्त्व शिकताना खड्ड्यात उतरून खापरं निवडण्यात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट मी तेव्हाही झाकून ठेवत नव्हते. परदेशातल्या एका संशोधन संस्थेत वर्षभर काम करायचं ठरलं, तशी मी पेढे घेऊन बारामतीची एसटी पकडली. शंका होती ती तात्यांचीच.

तात्या म्हणजे माझे वडील. काटेवाडीच्या पुढं, उसाच्या मधोमध आमचं घर. ऊस भवानीनगरच्या कारखान्याला जायचा. तात्यांच्या तरुणपणी मात्र घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की अख्खा वाडा, म्हणजे माणसं, मेंढरं, घोडी आणि कुत्री, कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. पुढं रानात पाइपलाइन आली, तात्यांनी मेंढरं विकली आणि ते एका जागी बसले ते बसलेच.

पेढा हातात तसाच धरून ते म्हणाले, "दुसऱ्याच्या रानात ऱ्हायचं पोरांच्या नशिबी नगं म्हणून मेंढरं इकली. आन् तू आपल्या पायानं चाललीस?"

मग त्यांनी चौकशी सुरू केली. संस्था कुणाची? मी एका थंड देशाचं नाव सांगितलं. आणि हाय कुठं? ग्रीसमधी.

"एकाची संस्था दुसऱ्याच्या देशात? त्यास्नी आपल्या गावात जागा न्हाय व्हय?"

जुनी देवळं, गाडली गेलेली गावं, तिथलं मोठं ग्रंथालय, सगळं सांगून झालं. कारखान्याच्या सभेत अहवाल ऐकावा तशी त्यांनी मान हलवली. म्हणजे काहीच पटलं नव्हतं. माझा राग कायम नाकावर. मी फणकाऱ्यानं विचारलं, "कोकणात तुमी कुणाच्या रानात बसायचा?"

"तितल्या शेतकऱ्याच्या."

"फुकट?"

"फुकट कशापायी? मेंढरं रातभर बसली की रानाला खत व्हायचं. त्यो आमाला भात द्यायचा."

आणि हे बोलता बोलताच मला वाट सापडली. "मग ही संस्था तशीच हाय, तात्या. रान ग्रीसवाल्यांचं. ही माणसं इचारून बसत्यात, खणत्यात, काय घावलं ते लिहून देत्यात. घावलेली वस्तू तितंच ऱ्हाती."

त्यांनी उसाकडं नजर वळवली. "आन् मालक ऊठ म्हणला तर?"

"उठायचं."

"मग बराबर हाय," ते म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. मला वाटलं, जिंकले. पण पेढा संपायच्या आत पुढचं आलंच. "संस्थेचं कळलं. पर एकली पोरगी कुठं म्होरं जाती का?"

तात्यांची थोरली बहीण, माझी आत्या, पलीकडं शेंगा फोडत बसली होती. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती.

"वाड्याच्या म्होरं कोण जायचं रं?" ती म्हणाली. "तू?"

मग आत्यानं मला सांगितलं. पुरुषमाणसं मेंढरं चारत चारत दिवस मावळता यायची. बाया सकाळीच घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढं निघायच्या. "नव्या मुलखात जागा आमीच धरायचो. मालकाशी बोलायचं आमी, चूल मांडायची आमी. ह्यो सकाळी लांबनं नुस्ता वरडायचा, आक्का, पाणी बघून जागा धर, आमी येतो मागनं."

आत्या पुन्हा शेंगा फोडायला लागली. तात्या मोटार चालू करायला म्हणून रानात गेले. वीज नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतर त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी तयारी करत राहिले. त्यांच्या मनाविरुद्ध मी गेले असते, नक्की गेले असते. पण मग तिथल्या एकाही चांगल्या दिवसाचं सुख मला लागलं नसतं. तात्यांचा मला फार लळा होता आणि हट्टही मी त्यांचाच घेतला होता.

निघायच्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर ते आले. बॅग त्यांनीच गाडीत चढवली, खाली उतरले आणि माझ्या खिडकीशी उभे राहिले. टोपी काढली, झटकली, परत घातली. गाडीत ऊसदरावर जोरात गप्पा चालल्या होत्या. कंडक्टरनं बेल मारली तेव्हा कुठं त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला.

"पाणी बघून जागा धर," ते म्हणाले. "आमी येतो मागनं."

तात्यांकडं पासपोर्ट नव्हता, आणि पुढंही त्यांनी तो कधी काढला नाही.

"व्हय," मी म्हणाले.