आकाशपाळण्याच्या रांगेत

आंबा घाट उतरताना लेकीचा फोन आला. गाडी मी चालवत होते. घाटात गाडी चालवायची माझी ती दुसरी वेळ. पहिली त्याच दिवशी सकाळी, चढताना. शेजारी बसलेले हे, म्हणजे माझे यजमान, प्रत्येक वळणाला पाय पुढे दाबत होते, ब्रेक त्यांच्याच पायाखाली असल्यासारखा. फोन त्यांनी डाव्या हाताने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, पोचलात का पार्कात? फोटो कुठायत?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सकाळी तिने फोन केला तेव्हा मागे गाडीचा आवाज येत होता. कुठे निघालात, असं तिने विचारल्यावर हे पटकन बोलून गेले होते, "एक काम उरकून संध्याकाळी आईला ते नवीन पार्क दाखवायला नेतोय." खरं तर आम्ही कोल्हापूरला निघालो होतो, नसांच्या डॉक्टरांकडे. लेक पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिची परीक्षा चालू होती आणि बापाच्या आजाराबद्दल तिला काहीही माहीत नव्हतं. पेपर संपले की सांगू, असं आमचं ठरलं होतं.

"पोचतोच आहोत," हे म्हणाले. "दिवे लागल्यावर छान दिसतं म्हणे."

"आकाशपाळण्यातला पाठवा हां. दोघांचा. आई घाबरलेली दिसली पाहिजे."

फोन ठेवून हे पुन्हा वळणावळणाला पाय दाबायला लागले.

हे वीज खात्यात वायरमन. वीस-बावीस वर्षं खांबांवर चढउतार केलेला माणूस. वादळात आमचं अख्खं देवरूख अंधारात असायचं तेव्हा हे बाहेर असायचे, आणि घरी आल्यावर आधी दुसऱ्यांच्या घरी लाईट आली का ते खिडकीतून बघायचे. त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांच्या हातातून पक्कड निसटायला लागली. वय झालं, म्हणाले. मग अंगठ्याजवळचं मांस आत बसल्यासारखं दिसायला लागलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मानेच्या मणक्यावर ढकललं, मानेला पट्टा झाला, शेक झाला. मग चालताना उजवा पाय घासायला लागला. मुंबईला तपासण्या झाल्या आणि तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. आमचा विश्वास बसेना, म्हणून कोल्हापूर.

कोल्हापूरचे डॉक्टर भले होते. त्यांनी सगळे कागद नीट वाचले, गुडघ्यांवर छोटी हातोडी मारून बघितली आणि शेवटी जीभ बाहेर काढायला सांगितली. ती जीभ मीही पाहिली. तिच्यावर कातडीखाली किडे वळवळावेत तसं काहीतरी बारीक थरथरत होतं. डॉक्टरांनी टॉर्च बंद केला.

"मुंबईच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय," ते म्हणाले. "स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. त्या परत आणता येत नाहीत."

"औषध?" मी विचारलं.

"एक गोळी आहे. तिने थोडा वेळ मिळतो."

"वेळ म्हणजे किती?" ह्यांनीच विचारलं.

"काही महिने," डॉक्टर म्हणाले, आणि मग आम्ही जेवलो का ते विचारलं.

साखरप्याला देवरूखचा फाटा येतो. मी वळायला सिग्नल दिला तसे हे म्हणाले, "सरळ घे."

"कुठे?"

"पार्कात. फोटो मागितलेत ना पोरीने."

"अहो, काहीतरी सांगू तिला. पाऊस होता म्हणू."

"अजून किती खोटं बोलायचं?" ते म्हणाले. "त्यातलं एवढं एक तरी खरं करून टाकू."

पार्क पुढे हमरस्त्यापासून आत, उघड्या सड्यावर, कातळाच्या पठारावर आहे. पितृपक्ष, म्हाळाचे दिवस होते. गणपतीला आलेले चाकरमानी परत गेलेले, दिवाळी लांब, या पंधरवड्यात कुणी नवं कापडसुद्धा घेत नाही. तेव्हा पार्क ओस असेल आणि दहा मिनिटांत फोटो काढून निघू, असा माझा हिशेब. पण धंदा बसलाय म्हणून मालकाने तिकीट निम्मं केलं होतं आणि निम्म्या तिकिटाला अर्धा जिल्हा लोटला होता. कातळावर गाड्याच गाड्या. गावागावांतून टेम्पो भरून आलेले लोक, खाडीकडची बुरख्यातली बायामाणसं, सुट्टीवर आलेले आखातातले नोकरदार, कडेवर पेंगणारी पोरं. सिमेंटचा एक डायनासोर दर दोन मिनिटांनी जबडा उघडून ओरडत होता आणि त्याच्यापुढे पोरं दर दोन मिनिटांनी नव्याने घाबरत होती. सड्यावर सोनकीची पिवळी फुलं फुलली होती, त्यांच्यातूनच लोक चालत होते.

"आधी पाळणा," हे म्हणाले.

आकाशपाळण्याची रांग लोखंडी कठड्यांमधून चार-पाच वळणं घेत गेली होती. मी म्हटलं, इथूनच पाठीमागे पाळणा दिसेल असा फोटो काढू. पण त्यांना वर जायचं होतं. वरून विजेचं कुठलं उपकेंद्र कुठे दिसतं ते सांगतो, म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा हुरूप होता. दिवसभरात पहिल्यांदाच. त्यामुळे मी रांगेत उभी राहिले.

पाऊण तास झाला. दिवे लागले. त्यांच्या पायातली ताकद संपत चाललेली मला कळत होती, कारण ते कठड्यावर अधिकाधिक भार टाकत होते. थकले की जीभही जड व्हायची, म्हणून बोलणं बंद केलं होतं. आमच्या पुढे दोन वळणांवर शेजारच्या आळीतल्या एक वहिनी कुटुंबासह उभ्या होत्या. त्यांनी हात केला, मीही केला.

रांग एकदम पुढे सरकली. मागून रेटा आला. ह्यांचा उजवा पाय उचललाच गेला नाही आणि ते पुढच्या माणसाच्या अंगावर गेले. त्याच्या खांद्यावर तीन-चार वर्षांची मुलगी होती. ती पडता पडता वाचली आणि किंचाळून रडायला लागली.

"शॉली, भावा," हे म्हणाले. त्यांना सॉरी म्हणायचं होतं.

त्या माणसाने वळून त्यांच्याकडे खालीवर पाहिलं. "पिऊन आलाव काय? पोरं-बाळं हायत हितं, कळत नाय?"

"दारू प्यायलाय," मागून कुणीतरी म्हणालं. ते पुढे पुढे गेलं. पार्कचा सुरक्षारक्षक कठड्याखालून वाकून आत आला. तरुण होता, उद्धट नव्हता.

"काका, जरा तोंड उघडा."

सगळ्या रांगेसमोर त्याने ह्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. दिवसात दुसऱ्यांदा कुणीतरी ह्यांना तोंड उघडायला लावलं होतं.

"अहो, त्यांना..." मी बोलायला लागले. ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की मी थांबले.

"हो," हे सावकाश म्हणाले. "थोडी घेतलीय."

हा माणूस आयुष्यात दारूला शिवलेला नव्हता. शिमग्यात खात्यातले मित्र आग्रह करायचे तेव्हा हे सोड्याची बाटली घेऊन बसायचे.

रक्षकाला वास आला नसणारच. तो क्षणभर गोंधळला. पण माणूस स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर तो तरी काय करणार? "चला काका, बाहेर या," म्हणाला आणि दंडाला धरून त्यांना रांगेबाहेर काढायला लागला. लोक कठड्याला चिकटून वाट देत होते. एक म्हातारी माझ्याकडे बघून हळहळली, "म्हाळाच्या दिसांत तरी नको हुती गो घ्यायला, बाय." वहिनींकडे मी बघितलं तर त्यांनी मान फिरवली होती.

बाहेर एका कट्ट्यावर आम्ही बसलो. मी रडत नव्हते, मला राग आला होता. इतका, की मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. पाच मिनिटांनी तेच म्हणाले, "फोटो."

जवळून एक बुरख्यातली मुलगी चालली होती. मी तिच्याकडे फोन दिला. तिने दोनदा काढला. "हसा ना काकी," म्हणाली, आणि आम्ही हसलो. फोटो गेला. पलीकडून लगेच लाल बदाम आले आणि मागोमाग प्रश्न आला, पाळण्यातला कुठाय? रांग फार मोठी होती, असं मी लिहिलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "का म्हणालात असं? आजारी आहे म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी बोलायला वेळ घेतला. शब्द एकेक करून जमवत होते.

"खुर्ची आणली असती त्यांनी. रांग मोडून पुढे नेलं असतं. सगळे बघत राहिले असते. दारुड्याला निदान शिव्या तरी देतात, बरोबरीचा समजून."

मी गाडी सुरू केली. परत साखरप्यापर्यंत ते बाहेर बघत होते, आणि मी पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे.

देवरूखात बातमी आमच्या आधी पोचली असावी. आठवडाभरात बालवाडीत, जिथे मी शिकवते, पोरांना सोडायला येणाऱ्या आया माझ्याशी जरा जास्तच प्रेमाने बोलायला लागल्या. ह्यांच्या कचेरीत साहेबांनी बोलावून समजावलं, संसाराकडे बघा म्हणाले. ह्यांनी मान डोलावली. पाय घासतो, बोलणं अडखळतं, हातातून वस्तू पडतात, या सगळ्याचा लोकांना उलगडा झाला होता आणि तो ह्यांना सोयीचा वाटत होता. मीही लोकांना खरं सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

लेकीचे दोन पेपर राहिले होते. दुपारी तिचा फोन आला, मी बालवाडीच्या पडवीत खिचडी वाढत होते.

"आई, बाबा प्यायला लागलेत?" ती रडत होती. शाळेतल्या मैत्रिणीने तिला कळवलं होतं. "पार्कात पिऊन पडले म्हणे. आणि तू मला हसरे फोटो पाठवतेस?"

मी डाव खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. पक्कड, मुंबई, कोल्हापूर, गोळी. मी दोनदा हॅलो म्हटलं.

मग ती म्हणाली, "आई, मग दारूच असू दे ना गं."

उरलेले पेपर तिने दिले नाहीत. मिळेल त्या एसटीने दुसऱ्या दिवशी घरी आली. हे तिला बघून आधी खूश झाले, मग त्यांना कारण कळलं. पेपर बुडाल्याचा सगळा राग त्यांनी माझ्यावर काढला. "चार दिवस दम निघाला नाही तुला?" एवढंच म्हणाले आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं. मला वाटत होतं की खोट्याची सुरुवात त्यांनी केली, भोगलं मी, आणि वर दोषही मलाच. ताट ठेवायचं, उचलायचं, बटणं लावून द्यायची, सगळं मुक्याने. पाच दिवस असं चाललं. सहाव्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं आणि मी दिलं, तिथे ते संपलं.

शिमगा यायच्या आत त्यांचं बोलणं गेलं. आधी लेकीला कळेना, मग मलाही कळेना. त्या पाच दिवसांचं मी कुणापाशी बोललेले नाही. तेव्हा त्यांना बोलता येत होतं.

आता ते खाटेवरच असतात. वहिनी एकदा येऊन डोळे पुसून गेल्या, पुन्हा काही आल्या नाहीत. लेक पेज भरवते. ठसका लागू नये म्हणून मान कशी धरायची ते तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. तिचं वर्ष गेलं. कॉलेजातून दोनदा पत्र आलं, ते तिने वाचून कपाटावर ठेवलंय. जून तोंडावर आला आहे. परत जाणार का, असं तिला विचारायचं मी रोज सकाळी ठरवते. विचारलं आणि ती हो म्हणाली तर ह्यांना कुशीवर वळवायला मी एकटी पुरणार नाही, म्हणून विचारत नाही.