जहाजाची भाकरी

सॅबिना मॉरनचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. चुलीपाशी जायची, भाकरी उलटायची, दारात येऊन रस्ता बघायची, की पुन्हा आत.

आयर्लंडमधल्या मेयोच्या त्या टोकाला अमेरिकेला निघालेल्या प्रत्येकाची भाकरी तिच्याच चुलीपुढे वाळायची. ओटचं पीठ कोमट पाण्यात मळायचं, जाड थापून चार चतकोर करायचे आणि निखाऱ्यांसमोर लोखंडी जाळीला टेकवून उभे ठेवायचे. दिवसभर मंद धगीवर कडक वाळलेली भाकरी सहा आठवडे समुद्रावर टिकते. आजवर तेरा जणांना तिने अशी शिदोरी दिली होती. त्यात तिचे दोन मुलगेही गेले. आज डीलिया, तिचं शेंडेफळ, निघाली होती.

आणि ही बाई काय करत होती? मुलगी पाण्याला गेली, की जाळी हळूच मागे ओढत होती. भाकरी वाळली नाही तर पोर निघणार कशी? पुढचं जहाज थेट वसंतात. आईची माया असली लबाडीही शिकवते.

दुपारी डीलियाला बंदरावर सोडायला गाडीवाला फेस्टस घोडागाडी घेऊन दारात आला. "सॅबिना, भाकरी शेकतेस की पाळणा हलवतेस? किती वेळ तो!"

डीलियाने एक चतकोर उचलला. तो वाकला.

"आई, ही ओली आहे."

"पीठच दमट यंदाचं. राहा की वसंतापर्यंत."

"तेरा जणांना दिलीस, कुणाची वाकली होती का गं?"

"त्या तेरांतला एक तरी परत आला का?" सॅबिना ओरडली.

 डीलियाने चारही चतकोर फडक्यात बांधले. "बुरशी झटकून खाईन. पण जाणार."

 सहा आठवडे पोर बुरशी खाणार, तीही आईच्या हातची! सॅबिनाने गाठोडं हिसकावलं आणि दाराकडे वळून म्हणाली, "फेस्टस, घोडा सोड. संध्याकाळी निघा. भाकरी माझ्यामुळे ओली राहिलीय."

मग जाळी निखाऱ्यांजवळ सरकवून ती फुंकर घालू लागली. डोळ्यांतलं पाणी राखेत पडत होतं.

"जरा लांब धर, करपेल," डीलिया हळूच म्हणाली.

"मला शिकवू नकोस," सॅबिना म्हणाली, आणि तिने आणखी इंधन टाकलं.