दामले डॉक्टरांचा दोरा

दोरा ओढायचं काम दामले डॉक्टर कोणालाच करू देत नसत. औषधात भिजवलेला बोटभर स्पंज मेंढीच्या अंगात बसवायला मी चालत असे. दोन आठवड्यांनी बाहेर लोंबणारा दोरा धरून तो काढायला मात्र ते स्वतः येत. मेंढीच्या पाठीवर हात ठेवत आणि म्हणत, "जा बाई, सुटलीस."

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, बी.एस्सी. ॲग्री. पाथर्डीकडच्या माळावर मेंढ्यांचं केंद्र होतं, तिथं माझी पहिली नोकरी. क्वार्टर दोनच. एकात मी, दुसऱ्यात डॉक्टर. त्यांच्या पत्नी पुण्याला. एकदाच आल्या होत्या, संध्याकाळच्या एसटीनं परत गेल्या. "एवढा कळप विऊ दे, मग बदली मागतो," असं डॉक्टर प्रत्येक कळपाला म्हणायचे.

भागूबाई धनगरणीनं मेंढ्या आणल्या. स्पंज बसवल्यावर एकीचं शेपूट उचलून ती म्हणाली, "डाक्टर, ह्यो गंडा कंच्या देवाचा?"

"देवाचा नाही, औषधाचा. आत आहे तोवर माज थांबतो. काढला, वर एक सुई दिली, की सगळ्यांची अंडी एकदम सुटतात. मग सगळ्या एकदमच विणार. तुम्ही कळप घेऊन चराईला चालायला लागलात की वाटेत कोकरू मागं पडायचं नाही."

"मंजी अंगाला वाट बघाया लावायची."

"व्हय," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"मग आमच्या सुनंला बी एक बांधा की."

ते हसले नाहीत. "सुनेला एकटीला नको, मुलालाही नगरच्या दवाखान्यात न्या," म्हणाले.

पाच महिन्यांनी वाडगं कोकरांनी भरून गेलं. डॉक्टर कुंपणाला टेकून बघत होते. भागूबाई म्हणाली, "झालं न्हवं तुमच्या मनासारखं? आता जावा बाईसायबांकडं."

"जातो. पुढचा कळप आत घेतलाय, तेवढा होऊ दे."

असे आणखी कितीतरी कळप झाले. मग एका सकाळी त्यांचं दार उघडलंच नाही. पत्नी दुसऱ्यांदा आल्या, त्या त्यांचा देह न्यायला.

दुसऱ्या दिवशी भागूबाईच्याच मेंढ्यांचे दोरे काढायचे होते. मी ओढत गेलो. पाठीवर हात ठेवला, पण ते वाक्य काही तोंडातून निघेना.

भागूबाई मेंढी धरून उभी होती. म्हणाली, "समद्यांचा दोरा वढला त्यांनी. त्यांचा तेवढा ऱ्हायला."