समभागाची उत्तरपूजा

गेल्या आठवड्यात एका समभागपत्राची उत्तरपूजा केली. हात थकले आहेत; अक्षता चिमटीत राहत नाहीत. विलायतेत, वेम्बलीच्या या घरात देव्हारा खिडकीशी आहे, आणि बाळकृष्णामागे तो कागद आम्ही येथे आल्यापासून उभा होता.

पूर्व आफ्रिकेतील एका नवस्वतंत्र देशात मी शाळेत शिकवीत असे. साहेबांच्या काळी तेथील दलाल हॉटेलात चहा घेताना आपसांत सौदे करीत. आम्हांला वा तेथील भूमिपुत्रांना त्या टेबलाशी जागा नव्हती. स्वातंत्र्यानंतर शेअरबाजाराला बँकेच्या माडीवर एक खोली मिळाली, समभागांचे भाव लिहिण्यासाठी फळा लागला, आणि सरकारने सिमेंटच्या कारखान्याचे समभाग नागरिकांना देऊ केले. आम्ही नुकतेच नागरिकत्व घेतले होते; दोघांच्या नावे समभाग घेतले. "या देशाचा एक तुकडा आपला झाला," असे म्हणून पत्नीने लक्ष्मीपूजनाला त्या कागदावर हळदकुंकू वाहिले. पुजलेली वस्तू विकावयाची नाही, हे ओघानेच आले.

आमचे शेजारी भूमिपुत्रांपैकी. त्यांनी आपला कागद पेटीत, लग्नाच्या कपड्यांखाली जपला होता. घेणारे पुष्कळ, विकणारा कोणीच नाही. आमच्या ओळखीचा दलाल खडू घेऊन फळ्यासमोर बसून राही. मला म्हणे, "गुरुजी, अर्धं गाव पेटीत ठेवतं, तुम्ही देवात ठेवता. मी काय, फळ्याची आरती करू?"

आता तो बाजार संगणकावर गेला आहे. मुदतीत कागद जमा न केल्यास समभाग सरकारजमा होणार, अशी सूचना आली. येथेच जन्मलेल्या आमच्या नातीने ती वाचून दाखविली.

"आजी, पेपर पाठवावाच लागेल. नाहीतर रजिस्टरमधून तुमचं नाव डिलीट करतील."

"कागद हलायचा नाही," पत्नी म्हणाली. "घर सोडलं, नागरिकत्व सोडलं. तिथलं एवढंच आहे माझ्याजवळ."

"आणि नाव? ते नको?"

पत्नीने देव्हाऱ्याकडे पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, पुजलेला आहे. असाच नका उचलू."

स्नान करून बसलो. अक्षता वाहून कागद किंचित ईशान्येस सरकविला. अखेरीस देवतेला पुन्हा येण्याची विनंती करावयाची असते. तेथे मी थांबलो. हा कागद परत येणार नाही. आणि या वयात आम्ही तरी तेथे कोठले जाणार?

"थांबलात का?"

"पुढचे शब्द याला लागू पडत नाहीत."

"न पडू देत. म्हणा."

म्हटले.

नातीने कागद उजेडात धरला. "ओह गॉड, आजी! किती कुंकू लावलंय! काही वाचताच येत नाहीये." ती ओल्या कापसाने पुसू लागली, तोच पत्नीने तिचे मनगट धरले.

"हळू. खाली नाव आहे."