पाठमोरे मिस्त्री

माझं अक्षर किरटं, शुद्धलेखन कच्चं. चौथीच शिकले, सांभाळून घ्यावं.

बैल विकून घेतलेला आमचा जुना छोटा ट्रॅक्टर अंगणातच बंद पडायचा. नांगरट खोळंबली होती. नसरापूरचे मिस्त्री मात्र आल्या आल्या टाकीचं झाकण काढून डिझेल हुंगायचे, की तो नीट चालायचा.

शेवटी ते आमच्या मालकांना म्हणाले, "बंद पडताना तुमी शिव्या देत असता. आवाज वहिनींनीच ऐकला आसंल."

मी दाराआड होते. मिस्त्रींनी माझ्याकडे पाठ केली. "करून दावा, वहिनी."

मी विझत जाणारा आवाज काढला. ते हसले नाहीत.

"टाकीत हवा जाईना. मी झाकण काढतो, म्हून ह्यो ट्रॅक्टर माझ्याम्होरं शहाणा."

झाकणाच्या भोकात कुंभारमाशीनं माती लिंपली होती. "स्टोची पिन द्या," म्हणत त्यांनी हात मागे केला.

रान नांगरून झालं. त्यांचा चेहरा मी अजून नीट पाहिलेला नाही. बाजारात पाठ मात्र ओळखते.