थोरल्या घराचे मातीचे बैल

आमच्या गावाचा इतिहास कुठे लिहून ठेवलेला नाही. नेवासा तालुक्यातलं एवढंसं गाव, कोण कशाला लिहील? दोन भावांनी वसवलं म्हणतात. वेशीचा पहिला दगड थोरल्यानं ठेवला, म्हणून पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी थोरल्याच्या घरची जायची. त्यांच्यामागे धाकट्याचं घर, मग बाकीचं गाव. मी पडले धाकट्याच्या घरात.

थोरल्या घरची सून माझ्याच माहेरची, तिसगावची. एकाच वर्षी लग्न होऊन आलो आम्ही. तिच्या भाकरी माझ्यापेक्षा जाड, बोलणं तर विचारूच नका, तरी पाणवठ्यावर बायका तिला आधी वाट द्यायच्या. दर पोळ्याला तिच्या बैलांच्या शेपट्या बघताना माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

बहात्तरचा दुष्काळ पडला, चारा संपला. थोरल्या घरानं आपली जोडी बाजारात नेऊन विकली. मी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि येताना ओढ्यातली हरळी खुरपून आणायचे. हिची बैलांवर केवढी माया, असं नवरा सगळ्यांना सांगत सुटायचा. माया कसली? मला वेशीतलं तोरण दिसत होतं.

पोळ्याला आमची जोडी सगळ्यात पुढे उभी राहिली. शिंगांना हिंगूळ, अंगावर गेरूचे ठसे. तेवढ्यात थोरल्या घरचा म्हातारा आला. हातात पाट आणि पाटावर मातीचे दोन बैल. मागे ती, डोक्यावर पदर घेऊन. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत ते मातीचे पुजतात, पण घरात. वेशीत आणलेले मी कधी पाहिले नव्हते. आता गाव हसेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी हसलं नाही. उलट माझे सासरेच पुढे झाले.

“बैल मागं घ्या,” ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. “जित्ते असले म्हनून काय झालं? मान त्यांचा हाय.”

मातीचे बैल तोरणाखालून गेले. वाजंत्री वाजली. मग आमचे.

संध्याकाळी ती आमच्या गोठ्यात आली. हातात रेशनच्या मिलोची, त्या लाल परदेशी ज्वारीची भाकरी, वर गुळाचा खडा. मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवून झाला होता, पण तो खाणार कोण?

“तुजं बरं हाय बाई,” ती म्हणाली. “तुजे बैल खात्यात तरी.”

तिच्या डोळ्यांना धार लागली होती. कीव यायला हवी होती, नाही आली. मान नेला तो नेलाच, वर सणाचा घासही हिनंच भरवायचा? आणि आमचा तो उजवीकडचा बैल, माझ्या हातची हरळी हुंगून तोंड फिरवणारा, तिच्या तळहातावरचा गूळ चाटून तिच्या खांद्यावर मान टाकून उभा राहिला.